मोटरहोमचा फ्रिज मध्यरात्रीनंतर बंद पडतो: नवी बॅटरी घेण्यापूर्वी करायची तपासणी

पवना धरणाच्या काठावर मोटरहोम लावून दोन-तीन रात्री राहणाऱ्या जोडप्यांकडून मी एकच तक्रार वारंवार ऐकत आलो आहे. पहिल्यांदा ती आमच्याच गाडीची होती. त्यानंतर हा दोष मी ओळखीच्यांच्या गाड्यांत इतक्या वेळा शोधून दुरुस्त केला की आता फोनवर दोन प्रश्न विचारले तरी त्याचे मूळ कोठे असावे याचा बराचसा अंदाज येतो.

लक्षणे

संध्याकाळी गाडीतल्या डिस्प्ले पॅनेलवर बॅटरीचे १२.७ किंवा १२.८ व्होल्ट दिसतात आणि सगळे सुरळीत चाललेले असते. रात्री एक-दोनच्या सुमारास फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो, काही सेकंद घरघरतो, ‘टक्’ असा आवाज करून थांबतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रकार करतो. पाण्याचा पंप चालू झाला की दिवे क्षणभर मंदावतात. इन्व्हर्टर लावला असेल तर तो कमी व्होल्टेजचा इशारा देत पिपाणीसारखा वाजू लागतो. सकाळी ऊन चढले की सारे आपोआप बरे होते, त्यामुळे दुपारी कोणाला गाडी दाखवायला न्यावी तर दोष सापडत नाही. बॅटरी बदलली की महिना-दोन महिने बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

यात एक फरक सुरुवातीलाच करून घ्यावा. दिवे, पंप, पंखा आणि फ्रिज एकदम बंद पडत असतील तर मुख्य फ्यूज, मुख्य स्विच किंवा सैल झालेला टर्मिनल पाहावा. लिथियम बॅटरी असेल तर तिच्या आतल्या संरक्षक सर्किटनेही पुरवठा तोडलेला असू शकतो. सगळेच हळूहळू मंदावत असेल तर बॅटरी पुरेशी भरलेली नाही किंवा ती खरोखर थकली आहे. फक्त फ्रिज बंद पडतो आणि दिवे मात्र ठणठणीत असतात, हा तिसरा प्रकार सर्वाधिक आढळतो आणि त्याचेच निदान सर्वाधिक वेळा चुकते.

पुढे ‘घरची बॅटरी’ म्हणजे राहण्याच्या भागाला वीज देणारी १२ व्होल्टची बॅटरी, आणि ‘इंजिनची बॅटरी’ म्हणजे गाडी सुरू करणारी. या दोन वेगळ्या असतात आणि असाव्यात.

हात लावण्यापूर्वी

अंगठी, धातूच्या बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरे. पण पान्याचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि दुसरे गाडीच्या पत्र्याला लागले तर शेकडो अँपिअर वाहतात आणि मध्ये सापडलेली अंगठी क्षणात लाल होते. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्यावी. कॅम्पवरून घेतलेली २३० व्होल्टची केबल आधी काढून बाजूला ठेवावी. तिच्याकडे आपण वेगळे वळणार आहोत.

पहिली तपासणी: रात्रीचा हिशेब (खर्च शून्य)

कित्येकदा दोष काहीच नसतो, हिशेब चुकलेला असतो. कॉम्प्रेसरचा लहान फ्रिज चालू असताना साधारण ४ ते ५ अँपिअर घेतो आणि थंडीत निम्मा वेळ चालतो, म्हणजे दहा तासांत २० ते २५ अँपिअर-तास गेले. पंखा २ अँपिअरने आठ तास चालला तर १६. दिवे मिळून चार-पाच. दोन फोन चार्ज करण्यासाठी इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवला तर तो रिकामा बसूनही तासाला एखादा अँपिअर खातो, म्हणजे आणखी दहा. ही बेरीज पन्नाशीच्या पुढे जाते, आणि १०० अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज रोज काढू नये असा संकेत आहे, कारण त्याखाली गेल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. अशा गाडीत पहाटे फ्रिज थांबला तर तो आज्ञाधारकपणे थांबला आहे असेच म्हणावे लागेल.

त्यामुळे आधी इन्व्हर्टर बंद करून फोन थेट १२ व्होल्टच्या सॉकेटवर लावून पाहावेत. फ्रिजच्या मागच्या जाळीला पिशव्या किंवा पांघरुणे टेकली आहेत का ते पाहावे, कारण उष्णता बाहेर पडली नाही तर कॉम्प्रेसर निम्म्या वेळाऐवजी अखंड चालतो. रात्रीच्या जेवणातले उरलेले वरण गरम असतानाच आत ठेवले तरी परिणाम तोच. ही सवय आमच्या घरात माझीच होती हे कबूल करतो.

फ्रिजवर बॅटरी-संरक्षणाच्या (म्हणजे किती व्होल्टला फ्रिजने स्वतः थांबायचे याच्या) दोन किंवा तीन पातळ्या असतील तर त्यातली कोणती निवडली आहे तेही याच वेळी तपासावे. वरची पातळी इंजिनच्या बॅटरीवर फ्रिज चालवणाऱ्यांसाठी असते, म्हणजे सकाळी गाडी सुरू होण्याइतकी वीज शिल्लक राहते. घरची बॅटरी वेगळी असेल तर मधली पातळी पुरते. मात्र तारेतला दोष झाकण्यासाठी सर्वांत खालची पातळी निवडू नये.

दुसरी तपासणी: बॅटरी खरोखर भरली होती का?

पुणेकरांचा एक लाडका गैरसमज असा की कोथरूडहून पवनेपर्यंत गाडी चालवली म्हणजे बॅटरी भरली. पवनेचा काठ फार तर दीड-दोन तासांचा. साध्या रिलेतून (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच) आणि लांब केबलमधून घरच्या बॅटरीला मिळणारा करंट बेताचा असतो आणि बॅटरी भरत जाते तसा तो आणखी कमी होतो. निम्मी रिकामी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला दोन तास कधीच पुरत नाहीत. मुक्कामी पोहोचल्यापोहोचल्या डिस्प्ले पॅनेलवर दिसणारा १३ व्होल्टचा आकडा हा चार्जिंग नुकतेच थांबल्याचा वरवरचा फुगवटा असतो.

खरा आकडा पहाटे, ऊन सोलर पॅनेलवर येण्यापूर्वी आणि सर्व उपकरणे काही तास बंद असताना मिळतो. लेड-ॲसिडसाठी १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव, इतके लक्षात ठेवले तरी काम भागते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचे व्होल्टेज मात्र ती निम्मी असो वा पाऊण, १३.२ च्या आसपासच राहते. तेथे व्होल्टवरून अंदाज बांधू नये, बॅटरीच्या मॉनिटरवर किंवा ॲपवर दिसणारी टक्केवारी पाहावी.

सोलर पॅनेलबाबत एवढेच, की आपण सावलीसाठी झाडाखाली गाडी लावतो आणि मग पॅनेलला दोष देतो. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन त्या कोपऱ्याच्या प्रमाणापेक्षा पुष्कळच जास्त घटते, कारण आतले सेल एकामागे एक साखळीत जोडलेले असतात. मावळात जून ते सप्टेंबर सोलरवर विसंबून राहू नये.

तिसरी तपासणी: कॅम्पचा पुरवठा

काठावरच्या बहुतेक जागांवर आपल्याला एका खांबावरचे १६ अँपिअरचे सॉकेट मिळते. केबल लावली म्हणजे चार्जिंग सुरू झाले असे नसते. चार्जरवरचा दिवा लागला आहे का आणि घरच्या बॅटरीचे व्होल्टेज १३.५ च्या वर चढले आहे का, हे दोन्ही पाहावे. रात्री सगळ्या तंबूंतले दिवे आणि गिझर एकदम चालू झाले की शेवटच्या खांबावरचा विजेचा दाब इतका उतरतो की चार्जर स्वतःच बंद होतो. जागा जनित्रावर चालत असेल तर ते किती वाजता बंद होते तेही व्यवस्थापकाला विचारून घ्यावे. हा प्रश्न फुकट आहे आणि मी तो तीन मुक्कामांनंतर विचारला.

एक्स्टेन्शन केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नये, ती आतल्या आत तापते. सॉकेट टेस्टरने अर्थिंग बरोबर आहे याची खात्री करावी. टेस्टर चुकीचे दाखवत असेल किंवा ओल्या जमिनीवर उभे राहून गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पत्र्याला पुन्हा हात न लावता आधी सॉकेटचा स्विच बंद करावा, मग केबल काढावी, आणि ते सॉकेट पुन्हा वापरू नये. यात प्रयोग करून पाहण्यासारखे काही नाही.

चौथी तपासणी: डोळे आणि हात

टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी साचली असेल तर बॅटरीची झाकणे घट्ट लावून, पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने जुन्या ब्रशने घासावी, कोरडे करून नट आवळावेत आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. ही भुकटी वीज नीट वाहू देत नाही. ट्यूब्युलर (पाणी घालावे लागणारी) बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर आधी घालावे, बाकीचे चार्जिंग झाल्यावर. घरच्या फिल्टरचे किंवा धरणाचे पाणी कधीही घालू नये.

मग फ्रिज आणि पंखा दहा मिनिटे चालू ठेवून प्रत्येक जोड आणि फ्यूजचे घर हाताच्या मागच्या बाजूने चाचपावे. निरोगी जोड गार असतो. कोमट लागणारा जोड म्हणजे तेथे वीज उष्णतेत वाया जात आहे. प्लास्टिकला तपकिरी छटा आली असेल तर शोध बहुधा तेथेच संपतो.

पाचवी तपासणी: दोन ठिकाणी व्होल्ट मोजा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही. त्यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत चार-पाचशे रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर पुरेसा आहे.

आमच्या गाडीच्या दोन बॅटऱ्या मी आधीच भंगारात दिल्या होत्या. गाडी बांधून देणाऱ्याने दोन्ही वेळा न मोजताच ‘बॅटरी गेली’ असे सांगितले आणि मी ते मानले. तिसऱ्या हिवाळ्यात, तिकोन्याच्या समोरच्या काठावर, रात्री अडीच वाजता फ्रिज पुन्हा ‘टक्’ करून थांबला. मी बॅटरीला शिव्या देत उठलो तेव्हा पत्नी पांघरुणातूनच म्हणाली, “अहो, दिवा तर लख्ख जळतोय. बॅटरी संपली असती तर तो जळला असता का?”

मला हे आधी सुचायला हवे होते. फ्रिजचा आतला मेंदू बॅटरीवरचे व्होल्ट पाहत नाही. तो स्वतःच्या प्लगवर पोहोचलेले व्होल्ट पाहतो. वाटेत काही गळत असेल तर बॅटरी निम्मी भरलेली असतानाही फ्रिजला ती रिकामीच दिसते. एलईडी दिव्याला मात्र जेमतेम करंट लागतो, त्यामुळे त्याच्या वाटेवरचा तोटा जाणवत नाही.

तिने टॉर्च धरला आणि किराण्याच्या यादीच्या वहीत आकडे लिहीत गेली. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर १२.३ व्होल्ट, आणि त्याच वेळी फ्रिजच्या प्लगवर १०.९. वाटेत १.४ व्होल्ट हरवले होते. एवढ्या अंतरात दोन-तीन दशांश व्होल्टचा तोटा चालतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष आहे असे धरावे.

हरवलेले व्होल्ट कोणत्या बाजूला आहेत ते शोधायची युक्ती सोपी आहे. मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरी फ्रिजच्या प्लगच्या धन बाजूवर ठेवावी. फ्रिज चालू असताना दिसणारा आकडा म्हणजे धन तारेतला तोटा. मग तेच ऋण बाजूला करावे. सुया लांब पोहोचत नाहीत, म्हणून मी वायरचा एक सात मीटरचा तुकडा दोन चिमट्यांसह कायम गाडीत ठेवतो. आमच्या गाडीत धन बाजूला ०.३ आणि ऋण बाजूला १.१ निघाले. येथे अर्धे-अर्धे करत जावे: बॅटरीपासून चॅसिसच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) बोल्टपर्यंत, बोल्टपासून चॅसिसपर्यंत, चॅसिसपासून फ्रिजच्या ऋण तारेपर्यंत. तिसऱ्या मोजणीत चोर सापडला. फ्रिजची ऋण तार चॅसिसला जेथे आवळली होती तेथे बोल्टखालचा रंग खरवडलाच नव्हता; काही काळ बोल्टच्या आट्यांतून वीज जात राहिली, आणि मावळातल्या पावसाळ्यांनी त्या आट्या गंजवल्या. बोट लावले तर बोल्ट अंगाला कोमट लागत होता, आणि बाहेर कडाक्याची थंडी होती.

सकाळी बोल्ट काढून पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) आणि दातेरी वॉशर घालून आवळला, वरून ग्रीस लावले. सामानाचा खर्च चाळीस रुपये झाला. वहीत त्याच पानावर, ‘कोथिंबीर, लिंबे’ याच्या खाली, १२.३ आणि ११.९ असे आकडे आजही आहेत.

उरलेल्या चार दशांशाचे कारण तारेची जाडी होते, आणि तो दोष इतका सर्रास आढळतो की त्याचे गणित सांगतो. घरातल्या वायरिंगची सवय असलेला कारागीर दिव्यासाठी वापरतात तीच १.५ चौरस मिलिमीटरची तार फ्रिजला ओढतो. फ्रिज सहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर तांबे झाले. त्यातून ५ अँपिअर वाहताना सुमारे ०.७ व्होल्ट पडतात. २३० मधून ०.७ गेले तर कोणाला पत्ताही लागत नाही, १२ मधून गेले तर फ्रिज थांबतो. तेच अंतर ६ चौरस मिलिमीटरच्या तारेने जोडले तर तोटा ०.२ च्याही आत येतो. आमची ऋण बाजू चॅसिसमधूनच येत असल्याने तोटा फक्त धन तारेत होता; पुढे ती तारही बदलली. नवी तार घालताना बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच, आणि लग पकडीने दाबलेला नको, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबलेला हवा.

सहावी तपासणी: इंजिनकडून येणारे चार्जिंग

तारा निर्दोष निघाल्या तर इंजिन बंद असताना घरच्या बॅटरीचे व्होल्ट नोंदवावेत आणि इंजिन सुरू करून दोन मिनिटांनी पुन्हा पाहावेत. आकडा १३.५ च्या पुढे सरकला पाहिजे. तसाच राहिला तर दोन बॅटऱ्यांमधला रिले किंवा त्याचा फ्यूज गेला आहे. आधी चढून नंतर प्रवासात खाली येत असेल तर दोष नसेलही: १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतरच्या काही गाड्यांत अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) विजेचा दाब इंजिनचा संगणक गरजेनुसार कमी करतो. अशा गाडीत साधा रिले पुरत नाही, बॅटरी-टू-बॅटरी चार्जर लावावा लागतो. लिथियम बॅटरीलाही तोच हवा, नाहीतर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापतो.

सातवी तपासणी: बॅटरीची परीक्षा

येथे पोहोचल्यावरच बॅटरीवर संशय घ्यावा. ती पूर्ण भरून, काही तास विसावू देऊन, तिच्यावर हेडलाइटचा ६० वॉटचा दिवा लावावा. तो जवळजवळ ५ अँपिअर घेतो. १०० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी दहा तासांनंतर दिवा काढून विसावली की १२.२ च्या आसपास यायला हवी. चार-पाच तासांतच ती ११.८ वर आली तर तिचे दिवस भरले आहेत. परीक्षा संपताच बॅटरी लगेच पूर्ण भरावी, रिकामी ठेवू नये.

येथे थांबावे

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा घालू नये, आणि मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा तर कधीच नाही. फ्यूज तारेला आग लागू नये म्हणून असतो. बॅटरी फुगलेली, हाताला गरम लागणारी किंवा कुजक्या अंड्यासारखा वास मारणारी असेल तर चार्जर बाहेरच्या सॉकेटवर बंद करावा, दारे उघडून दोघांनीही गाडीबाहेर यावे. चार्ज होणारी लेड-ॲसिड बॅटरी हायड्रोजन सोडते, म्हणून त्या वेळी ठिणगी उडेल असा कोणताही स्विच किंवा टर्मिनल आत हाताळू नये. लिथियम बॅटरीचा डबा उघडू नये. तिचे काम फक्त पुरवठादाराचे. गॅसवरही चालणाऱ्या फ्रिजच्या बर्नरला हात लावू नये. चार्जरच्या अलीकडची, म्हणजे २३० व्होल्टची, कोणतीही बाजू आपल्या कक्षेतली नाही.

माणूस बोलावताना गल्लत करू नये. १२ व्होल्टच्या बाजूसाठी चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन लागतो. २३० व्होल्ट, एमसीबी, आरसीसीबी (जादा करंट किंवा विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारे स्विच) आणि अर्थिंगसाठी परवानाधारक वायरमन. एकाला दुसऱ्याचे काम सांगितल्याचे परिणाम मी अनेक गाड्यांत उकरून काढले आहेत. येणाऱ्याला चार आकडे कागदावर लिहून द्यावेत: पहाटेचे विसावलेले व्होल्ट, फ्रिज चालू असताना बॅटरीवरचे, त्याच वेळी फ्रिजच्या प्लगवरचे, आणि इंजिन चालू असतानाचे. ते न वाचताच तो नव्या बॅटरीचा भाव सांगू लागला, तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा.